काशीच्या चौसष्ट चकत्या

वाचकहो, ही कथा आपण कुठे ना कुठे वाचली असेल. काशीतील एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सळया आहेत. सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने त्यांतील एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या रचल्या, सर्वांत मोठी खाली आणि सर्वांत लहान वर. पुजारी रात्रंदिवस त्या दुसऱ्या सळईवर नेत आहेत. एका वेळी एकच चकती उचलायची, आणि लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही. काम पूर्ण होईल त्या क्षणी जगाचा अंत होईल.

एका हिंदी लेखाचा अनुवाद करताना ही कथा माझ्यासमोर आली. लेखात ती पुराणातली म्हणून दिली होती. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे आधी हात गेला तो हिशेबाकडे. एका चकतीला एक चाल लागते, दोनांना ३, तिघांना ७, चौघांना १५. दर चकतीमागे चाली दुप्पट होतात आणि वर एक. चौसष्टाव्या चकतीला आकडा येतो १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. सेकंदाला एक चाल धरली तरी सुमारे ५८,४५० कोटी वर्षे! विश्वाचे आजवरचे वय साधारण १,३८० कोटी. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा; असे १३५ कल्प. मन अभिमानाने भरून आले.

मग शोध घेतला. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडे खेळणे म्हणून बाजारात आणले, तेही 'क्लाउस' या नावाने. ल्युका या आडनावाचीच अक्षरे उलटसुलट केलेली. काशीची कथा त्या खेळण्यासोबत पसरली. तसे मंदिर काशीत नाही.

आता सांगा, काय करावे? कथा श्रद्धा वाढवते, कुणाचे नुकसान करत नाही. ठेवली तर काय बिघडते? दोन दिवस मी हाच युक्तिवाद स्वतःशी घोळवत होतो. पण ज्या गोष्टीला मी खोटी म्हणून ओळखतो, ती आपल्याला खरी म्हणून वाचायला देणे ही आपल्या विश्वासाशी केलेली लबाडी आहे. हेतू चांगला असल्याने ती फक्त लपते. शिवाय काशीला उसन्या थोरवीची गरज ती काय?

संख्या मात्र खरीच राहिली. ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ या सात मूळ संख्यांचा तो गुणाकार आहे. आणि त्या सगळ्या चालींत सर्वांत मोठी चकती केवळ एकदाच हलते, बरोबर मध्यावर. निम्म्याहून किंचित अधिक चाली सर्वांत लहान चकतीच्याच असतात. हे पाहण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

अनुवादात मी 'पुराणात सांगितले आहे' हे शब्द काढले आणि 'एका फ्रेंच कोड्याच्या कथेनुसार' असे लिहिले. मूळ लेखकांनाही तसे कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.