अलीशा उगमापाशी गेला



दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो नगराचा जो वृत्तांत आहे, तो जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर वाचताना आम्हांस मुळीच परका वाटत नाही. वस्ती चांगली, पण पाणी वाईट, असे गाऱ्हाणे तेथील लोकांनी अलीशा संदेष्ट्याकडे नेले. त्याने नवे पात्र व मीठ मागविले, आणि ते घेऊन तो कोठे गेला? घरोघरच्या घड्यांकडे नव्हे, तर झऱ्याच्या उगमापाशी. मिठाने पाणी शुद्ध होते असा अर्थ कोणी काढू नये. तेथे पाणी निरोगी करणारा प्रभू होता. परंतु जेथून सर्व पितात तेथे आधी जावे, हा कित्ता आपणांकरिता आहे.

आपल्या डोंगराळ मुलखात पाऊस अतोनात पडतो, पण काळा पाषाण तो धरून ठेवीत नाही. वैशाखात कित्येक विहिरींचा तळ उघडा पडतो, आणि टँकरचे पाणी त्यांत ओतावे लागते. मग मृगाच्या सरी येतात, व पाड्याभोवतीची गुरांची आणि माणसांची घाण वाहून, कठडा नसलेल्या विहिरीत उतरते. चार दिवसांनी पाणी निवळले, की आपण म्हणतो, वाडवडिलांची विहीर, पाणी कसे काचेसारखे! बंधुभगिनींनो, पटकीचे व हगवणीचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी गोड लागते म्हणून दूर राहणारी एक विधवा ते मुद्दाम मागवीत असे. ती पटकीने मेली, आणि तिच्याच मृत्यूवरून डॉक्टर जॉन स्नो ह्यांस त्या पंपाविषयी मोठा पुरावा मिळाला.

भुकेने खंगलेल्या लेकरास हगवण लागली म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही, आणि पुढच्या दुखण्यास तोंड देण्याचे बळ उरत नाही. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालकांसाठी जव्हारात जो आकांत झाला, तो आठवणारी माणसे अजून आहेत.

कोणी म्हणेल, प्रभू राखील. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, असे सैतानाने सुचविले तेव्हा प्रभूने काय उत्तर दिले, हे आमच्या उपदेशकांस सांगावयास नको. परीक्षा देवाची पाहावयाची नाही, पाण्याची पाहावयाची.

ती अशी. विहीर ३ मीटर रुंद व पाणी ४ मीटर खोल असेल, तर तीत सुमारे २८,००० लिटर पाणी असते. दर १,००० लिटरांस चांगली ब्लीचिंग पावडर २.५ ग्रॅम, म्हणजे येथे ७० ग्रॅम लागेल. पाणी गढूळ असल्यास अधिक. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली भरून चुना खाली बसू द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून हलवावी. चुना विहिरीत टाकू नये. हे रात्री केलेले बरे, कारण निदान एक तास पाणी काढावयाचे नसते. नंतर जलसुरक्षकाकडून ओटीची परीक्षा करवावी. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग न आला तर पुन्हा पावडर घालावी. वास येतो म्हणून त्या दिवशी ओहोळाचे पाणी आणणाऱ्या भगिनींस आम्ही सांगतो, तो किंचित वास पहारेकऱ्याच्या काठीचा आवाज समजा.

घरी गाळून, खळखळ उकळून, झाकून ठेवावे, व हंड्यात हात न बुडविता ओगराळ्याने घ्यावे. पण आपलाच हंडा उकळून विहिरीकडे पाठ फिरविणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्याच विहिरीवर शेजारची वारली, कोकणा, कातकरी लेकरेही पितात.

पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. आपले कोणते, हे उपदेशकांनी विचारून सभेत सांगावे. पावडरीचा डबाही उघडून पाहावा. ओलीत उघडी राहिलेल्या पावडरीचे बळ उडून जाते, आणि तशी असेल तर मृगाआधी नवी मागवावी.