खोळंबा

आमच्या घरात घड्याळे दोन होती. एक भिंतीवरचे आणि दुसरे आगगाडीचे. भिंतीवरच्या घड्याळाकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. पण 'आठ-सतरा' म्हणजे काय, हे माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही समजत होते. आठ-सतरा म्हणजे बाबांची गाडी. तिच्यासाठी पहाटे पाचला स्वयंपाकघरात दिवा लागे, सहाला कुकरची शिट्टी होई, साडेसातला डबा भरला जाई आणि आठला पाच कमी असताना मी चपला पायांत सरकवीत असे. मुंबईच्या एका उपनगरात राहून मी ३१ वर्षे नोकरी केली. त्या ३१ वर्षांत आमच्या घराने आठ-सतराची वेळ कधी चुकविली नाही. गाडीने मात्र ती अनेकदा चुकविली.

आता मला निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. तरीही सकाळी त्या सुमारास हात उगाच खिशातला पास चाचपतो. गाडी गेली, पण तिच्या उशिरामुळे रोज मनात साठत गेलेला राग अजून गेलेला नाही. रिकामपणी माणूस जुने हिशेब काढून बसतो, तसा मी अलीकडे या रागाचा हिशेब काढून बसलो आहे. तो राग न्याय्य होता का? आणि न्याय्य असेल, तर मी तो योग्य जागी खर्च केला का?

प्रथम रागाची बाजू मांडतो; कारण ती लंगडी नाही. आपल्या आजे-पणज्यांचा दिवस प्रहरांनी आणि घटकांनी मोजला जाई. घटका म्हणजे २४ मिनिटे. 'दिवेलागणीला येतो' असे सांगून गेलेला पाहुणा घटकाभर मागेपुढे आला, तरी त्याला कोणी उशिरा आलेला म्हणत नसे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच्या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर पहिली प्रवासी गाडी धावली आणि तिच्यामागोमाग मिनिट नावाची वस्तू आपल्या जीवनात शिरली. पुढे १९०६ साली देशभरासाठी एक प्रमाण वेळ ठरली. मुंबईने मात्र आपली स्वतःची वेळ सहजासहजी सोडली नाही. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि १९५५ पर्यंत या शहरात ती कुठे ना कुठे टिकून होती. एकाच शहरात दोन वेळा! आज ही गोष्ट ऐकून हसू येते. पण तिच्यामागचा प्रश्न खरा होता. माणसाने आपला दिवस कोणाच्या घड्याळाप्रमाणे जगायचा?

त्या भांडणात अखेर एकच घड्याळ जिंकले. आम्ही चाकरमान्यांनीही ते मुकाट्याने मनगटावर बांधले. मग ज्याने आम्हांला मिनिटे मोजायला शिकविले, त्याने ती पाळू नयेत काय? वेळापत्रक हा काही नुसता आकड्यांचा तक्ता नव्हे. ते एक वचन आहे. त्या वचनावर विसंबून कोणी पाळणाघराची वेळ ठरविलेली असते, कोणी परीक्षेला निघालेला असतो, कोणी दवाखान्यात डॉक्टरांची वेळ घेतलेली असते. आमच्या कचेरीत तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा जात असे. रोजंदारीवरच्या माणसाची तर त्या दिवसाची चूलच थंडावते. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांची अर्धी संध्याकाळ आधीच गाडीत गेलेली असते. उरलेली अर्धी खोळंब्यात गेली, तर ती परत कोण देणार? पैसा गेला तर तो फिरून मिळविता येतो. गेलेली संध्याकाळ कोणत्याही खिडकीवर परत मिळत नाही.

तेव्हा वचन मोडले म्हणजे राग यावा, हे मला योग्यच वाटते. उलट, ज्याला राग येतच नाही त्याच्याविषयी मला थोडी शंका येते. आमच्या डब्यात एक वयस्क गृहस्थ असत. सगळा डबा त्यांना काका म्हणे. गाडी दहा मिनिटे उशिरा येवो की पन्नास, काका पान लावता लावता एवढेच म्हणत, "चालायचंच!" आम्ही त्यांच्या शांतपणाचे कौतुक करीत असू. पण आज वाटते, हा शब्द मोठा फसवा आहे. माझे स्वतःचे नुकसान मी सोसतो, तेव्हा ती सहनशीलता असते. शेजाऱ्याच्या नुकसानीलाही मी 'चालायचंच' म्हणतो, तेव्हा तो केवळ बेफिकीरपणा असतो. मुंबईकरांच्या सोशिकपणाची वर्तमानपत्रांतून जी वाहवा होते, तिने सर्वांत अधिक सुखावतो तो ज्याला खरे म्हणजे लाज वाटायला हवी तो.

इथवर हिशेब माझ्या बाजूने लागला. परंतु एका वसुबारसेची संध्याकाळ आठवली की पुढची बेरीज चुकू लागते.

त्या दिवशी कचेरीतून लवकर निघालो होतो. हातात मिठाईचा पुडा होता, बगलेत दुमडलेला आकाशकंदील होता. "मी आल्यावरच लावायचा," असे मुलीला बजावून गेलो होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरी तिघांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा देण्याचा रिवाज नेहमीप्रमाणे चालू होता. काही दिवसांपूर्वीच खंडेनवमीला याच डब्याची आम्ही पूजा केली होती, दारांना झेंडूची तोरणे बांधली होती, पेढे वाटले होते. अशी ही गोतावळ्यासारखी मंडळी. दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबली. पाच मिनिटे गेली, दहा गेली, वीस गेली. पंखे कुरकुरत होते, घाम निथळत होता. मग पुढच्या डब्याकडून बातमी सरकत आली की, पुढच्या गाडीखाली कोणीतरी सापडले आहे.

"ह्याला आजचाच दिवस मिळाला!" दाराशी उभा असलेला एक तरुण म्हणाला.

दोघे-तिघे हसले. कोणीही त्याला 'अरे' म्हटले नाही. मीही नाही. मी त्या वेळी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होतो. त्या तरुणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही, कारण त्याने माझ्याच मनातले वाक्य उचलून मोठ्याने म्हटले होते. माझ्या तोंडी ते आले नाही, इतकाच काय तो आमच्या दोघांच्या सभ्यतेतला फरक.

थोड्या वेळाने काकांनी पानाचा डबा मिटला आणि कोणाकडेही न पाहता विचारले, "त्याच्या घरी कळलं असेल का हो?"

मघाशी मी ज्यांना बेफिकीर म्हटले ते हे गृहस्थ! साऱ्या डब्यात तो प्रश्न त्यांनाच सुचला. त्याला कोणी उत्तर दिले नाही. पण त्यानंतर कोणी हसलेही नाही. मी बगलेतला कंदील उगाच सावरला. त्या माणसाच्याही घरी आज कोणी कंदील लावायचे थांबले असेल, हा विचार माझ्या मनात शिरला आणि आजवर पुरता बाहेर पडलेला नाही.

मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर गाडीखाली येऊन, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी मरण पावणाऱ्यांची संख्या २०२३ साली दोन हजारांहून अधिक होती. २०२४ सालीही होती. यांतले कितीतरी रूळ ओलांडताना जातात. पूल चढून उतरायला जी दोन-चार मिनिटे लागतात, ती वाचविण्यासाठी. म्हणजे ज्या घड्याळाने मी त्या माणसावर रागावलो, त्याच घड्याळाच्या धाकाने कदाचित तोही धावत सुटला असेल.

वेळ पाळणे हा सद्गुण खरा. पण तो किती मोठा? याबाबतीत जपानमधल्या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिकडची एक गाडी ठरल्या वेळेपेक्षा वीस सेकंद आधी सुटली, म्हणून ती चालविणाऱ्या कंपनीने जाहीर माफी मागितली. ही बातमी आपल्याकडे मोठ्या कौतुकाने वाचली गेली. मीही ती डब्यातल्या मंडळींना वाचून दाखविली होती. दुसरी गोष्ट २५ एप्रिल २००५ची, आमागासाकी या गावची. तेवीस वर्षांच्या एका चालकाची गाडी मागच्या स्टेशनात पुढे सरकली आणि ती मागे घेण्यात दीड मिनिटाचा उशीर झाला. पूर्वीच्या चुकीबद्दल त्याला शिक्षा झालेली होती. तो उशीर भरून काढण्याच्या धडपडीत त्याने वळणावरही गाडीचा वेग आवरला नाही. गाडी रूळ सोडून एका इमारतीवर आदळली. चालकासह १०७ माणसे गेली. पहिल्या गोष्टीत मिनिटाचा मान माणसासाठी राखला होता. दुसरीत मिनिटासाठी माणसालाच धाकात ठेवले होते. देश तोच, शिस्तही तीच. फक्त मोठे काय आणि लहान काय, याचा क्रम उलटला होता.

आता माझ्या हिशेबातली सर्वांत अडचणीची नोंद. माझे काम एका कचेरीत खिडकीवर बसण्याचे होते. लोक कागद घेऊन येत. मी ते तपासून पुढे पाठवीत असे. ज्या दिवशी आठ-सतरा उशिरा येई, त्या दिवशी माझी खिडकीही उशिरा उघडे. हे समजण्यासारखे आहे. पण त्या दिवशी माझे तोंडही वाकडे असे, आणि हे मात्र समजण्यासारखे नाही. एकदा एक बाई नवऱ्याच्या पश्चात मिळणाऱ्या रकमेचे कागद घेऊन तिसऱ्यांदा आल्या होत्या. एक सही राहिली होती. ती मी मागच्याच खेपेला दाखवून द्यायला हवी होती. मी म्हणालो, "उद्या या." त्या म्हणाल्या, "साहेब, मी आठ-सतरानेच येते. आजही लेट होती ना?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आपण दोघे एकाच गाडीचे, तेव्हा हे साहेब समजून घेतील, एवढाच त्यांचा भाबडा विश्वास होता. मी समजून घेतले नाही. मला उद्या म्हणजे एक शब्द होता. त्यांना तो आणखी एक दिवस, आणखी एक फेरी, आणखी एक खोळंबा होता. गाडीने माझी जेवढी मिनिटे खाल्ली, त्याहून अधिक लोकांची मिनिटे त्या खिडकीआड बसून मी खाल्ली असतील. 'प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत,' हे फलाटावरचे निर्जीव वाक्य ऐकून मी संतापत असे. माझ्या खिडकीवर तर तेवढेही वाक्य कोणाला ऐकायला मिळत नव्हते.

मग तो राग मी खर्च तरी कुठे केला? चौकशीच्या खिडकीतल्या कारकुनावर केला. गाडी थांबविणे किंवा सोडणे त्याच्या हाती नव्हते. घरी आल्यावर गार झालेल्या आमटीवरून बायकोवर केला. कचेरीत शिपायावर केला. आणि ज्या एका जागी तो करायला हवा होता, तिथे मुळीच केला नाही. स्टेशनमास्तरांकडे प्रवाशांसाठी तक्रारवही असते. ३१ वर्षांत ती वही मी एकदाही मागितली नाही. काकांचे 'चालायचंच' आणि माझा संताप, दोन्ही त्या वहीच्या लेखी सारखेच कोरे ठरले.

तेव्हा रागाविषयी माझे मत आज असे झाले आहे. ज्या घड्याळाने मी माझी मिनिटे मोजतो, त्याच घड्याळाने दुसऱ्याचीही मोजत असेन, तर माझा राग न्याय्य आहे. तसा राग कारण विचारतो, जबाबदार माणसाचे दार ठोठावतो आणि पुन्हा पुन्हा ठोठावतो. पण माझी मिनिटे सोन्याची आणि इतरांची मातीची, असा माझा हिशेब असेल, तर तो राग हाताशी सापडेल त्याच्या अंगावर जातो. मग तो कारकून असो, बायको असो, की रुळांवर पडलेला अनोळखी माणूस असो. या शहरातली दोन घड्याळे १९५५ साली एक झाली असे आपण म्हणतो. मनातली व्हायला फार वेळ लागतो. मला तर नोकरी संपेपर्यंतचा वेळ लागला.

माझी मुलगी आता त्याच मार्गाने नोकरीला जाते. तिने आणि तिच्या डब्यातल्या मैत्रिणींनी एक वही घातली आहे. कोणत्या दिवशी गाडी किती मिनिटे उशिरा आली, ते त्या तीत टिपून ठेवतात आणि दर महिन्याला त्याची प्रत संबंधित कचेरीत देऊन पोच घेतात. "उपयोग होतो का गं काही?" असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कधी होतो, कधी नाही. पण घरी येऊन आईवर ओरडत तर नाही ना!" मी गप्प बसलो.

गेल्या वर्षी धनत्रयोदशीला संध्याकाळी तिचा फोन आला. "बाबा, गाडी थांबलीय. पुढे काहीतरी झालंय म्हणतात."

"कोणाला लागलं का?" मी विचारले.

"अजून कळलं नाही."

"बरं. सावकाश ये. कंदील तू आल्यावरच लावू."

फोन ठेवला आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. शेजारच्या गॅलऱ्यांतून एकेक दिवा लागत होता. ती यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मी एकदाही घड्याळ पाहिले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. अनेकदा पाहिले. मात्र प्रत्येक वेळी वाटले, आणखी कितीतरी घरांतून या क्षणी कोणीतरी असेच घड्याळ पाहत असेल.