सफरचंदाखालचं डोकं

राष्ट्रपुरुष व्हायचं म्हणजे माणसाच्या अंगी काय काय असावं लागतं? शौर्य हवं, त्याग हवा, बाणेदारपणा तर हवाच हवा. सगळं कबूल. पण निदान तो जन्माला आलेला असावा, एवढी माफक अट तरी असेल की नाही? तर वाचकहो, तीही नाही! खोटं वाटत असेल तर स्वित्झर्लंडच्या विल्यम टेलकडे पाहा.

गोष्ट तुम्हांआम्हांला ठाऊक आहे. आल्टडॉर्फच्या बाजारात गेसलर नावाच्या परक्या सुभेदाराने काठीवर आपली टोपी टांगली आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिला मुजरा करावा, असा हुकूम काढला. (हसू नका. साहेबाचा नुसता कोट खुर्चीवर टांगलेला असला, तरी आपल्या कचेऱ्यांत आवाज खाली येतोच.) टेल ताठ मानेने पुढे गेला. शिक्षा काय? पोटच्या पोराच्या डोक्यावर सफरचंद ठेवायचं आणि ते बाणाने उडवायचं. आमच्याकडे सफरचंद घरात येतं ते कुणी आजारी पडलं म्हणजे. तिकडे धडधाकट पोराच्या वाट्याला ते आलं, तेही असं! टेलने ते अचूक उडवलं. “मग दुसरा बाण कशाला काढून ठेवला होतास?” असं विचारल्यावर म्हणाला, “पोराला लागला असता, तर हा तुमच्यासाठी होता.” आणि पुढे संधी मिळताच त्याने सुभेदाराला उडवलंही.

इथवर सगळं झकास. पण ठरल्या लग्नात ऐन वेळी पत्रिका मागणारा एक काका प्रत्येक घराण्यात असतो. राष्ट्राच्या घराण्यात ते काम इतिहाससंशोधकाकडे असतं. हा काका म्हणाला, घटना १३०७ सालची म्हणता ना? मग तिची पहिली नोंद १४७० च्या सुमारास, सार्नेनच्या एका दप्तरात कशी? मधली दीडशेहून अधिक वर्षं सगळे झोपले होते काय? शिवाय अशीच गोष्ट साक्सो नावाच्या डॅनिश बखरकाराने १२०० च्या आसपासच लिहून ठेवली होती. तोच मुलगा, तेच सफरचंद, तेच जादा बाण. फक्त जुलमी राजा हॅराल्ड ब्लूटूथ. होय, आपल्या मोबाइलमधल्या ब्लूटूथला ज्याचं नाव दिलंय, तोच!

१७६० साली एका स्विस पाद्र्याने हे छापलं, तेव्हा टेलच्या उरी परगण्यात ती पुस्तिका जाहीरपणे जाळण्यात आली. मुद्दा खोडता आला नाही की कागद जाळायचा, ही युक्ती फार जुनी आणि सर्व हवामानांत चालणारी.

पण काकांनाही फार सोवळं समजू नका. सोळाव्या शतकात या गोष्टीला साल आणि तारीख चिकटवली ती चुडी नावाच्या इतिहासकारानेच. एकदा तारीख पडली की गोष्टीचा इतिहास होतो. मग शिलरने १८०४ साली नाटक लिहिलं (गृहस्थाने स्वित्झर्लंड जन्मात पाहिलं नव्हतं!), रोसिनीने १८२९ साली त्याचा ऑपेरा केला, आणि टेल जगाचा झाला. १८९१ साली देशाने १२९१ च्या एका करारपत्रावरून आपला सहाशेवा वाढदिवस साजरा केला, तर चारच वर्षांनी आल्टडॉर्फला टेलचा पुतळा उभा राहिला, त्यावर साल १३०७! एकाच घरात दोन जन्मदाखले.

असेना का, म्हणाल. कुणाचं काय बिघडलं? खरं आहे. १९४१ साली हिटलरने शिलरच्या त्या नाटकावर बंदी घातली. न झालेल्या माणसाला झालेला हुकूमशहा भ्याला, ही काय लहान गोष्ट आहे? पण तोच बाण दुसरीकडेही जातो. १८६५ साली लिंकनना गोळी घालून पळालेला बूथ रोजनिशीत तक्रार करतो, की ज्यासाठी टेलला वीर म्हणतात त्याचसाठी माझ्यामागे लोक कुत्र्यासारखे का लागलेत? म्हणजे त्याच्या लेखी लिंकन गेसलर! आणि १६५३ च्या शेतकऱ्यांच्या बंडात तिघेजण टेल म्हणवून घेत उतरले, त्यांचा नेम तर आपल्याच देशातल्या सत्ताधाऱ्यांवर होता.

दंतकथेतला वीर कुणालाच नाही म्हणत नाही, ही त्याची मोठी सोय आणि हीच मोठी भीती. खऱ्या माणसाला निदान स्वतःची पत्रं असतात, चुका असतात, “मी असं म्हणालोच नव्हतो” असं सांगणारे चार कागद असतात. त्या कागदांवरची धूळ झटकणारा तो काका वीराचा वैरी नव्हे. वीराला उसना नेऊ पाहणाऱ्यांचा तो पहारेकरी.

आणि नेम धरण्याची हौस सगळ्यांना असली, तरी सफरचंदाखाली डोकं असतं ते पोराचं. पाठ्यपुस्तक त्याच्याच हातात द्यायचं असतं. त्याला टेलची गोष्ट जरूर सांगावी, रंगवून सांगावी. फक्त ती गोष्ट आहे, हेही त्याच दमात सांगावं. पोरं समजूतदार असतात. टोपीला मुजरा का करायचा नाही, हे त्यांना तेवढ्यावरूनही कळतं. अडतं ते मोठ्यांचं. त्यांना काठीवर टांगायला टोपी लागते, आणि गेसलरची काढली की ते टेलचीच टांगून ठेवतात.