छेदाविना संगम

महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात एका गोमुखातून पाच नद्या प्रकटतात हे आपण श्रद्धेने जाणतो. त्यांतली सावित्री पश्चिमेचा डोंगर उतरून पोलादपूरवरून महाडला येते, गांधारीला आपल्यात घेते आणि बाणकोटच्या खाडीतून सागराला मिळते. सज्जनहो, एवढ्या वाटचालीत विलग होणे आहे, संगम आहे, पण दुसऱ्या प्रवाहाला आडवे छेदून पलीकडे जाणे कुठेच नाही, कारण संगमानंतर दोन्ही पाण्यांचे गंतव्य एकच उरते. रस्त्यांचे तसे नसते. त्यांना भेटायचेही असते आणि भेटीनंतर आपापल्या गावीही जायचे असते, आणि महामार्गांचे बहुमजली इंटरचेंज जन्माला येतात ते या दुहेरी इच्छेतून.

पोलादपूरचा तिठा उदाहरणापुरता घेऊ. मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिण धावतो आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरचा रस्ता पूर्वेकडून त्याला येऊन मिळतो. असा तिठा एकाच पातळीवर असला तर त्याच्या पोटात नऊ संघर्षबिंदू असतात: तीन विलग होण्याचे, तीन मिळण्याचे, तीन छेदाचे. चार रस्त्यांच्या चौकात ते बत्तीस होतात आणि त्यांतले सोळा निव्वळ छेदाचे. आपण डावीकडून चालणारे लोक, म्हणून डावे वळण सोपे. महाबळेश्वराहून महाडकडे निघालेला किंवा खेडकडून येऊन महाबळेश्वरी जाणारा, असा उजवीकडे वळणाराच समोरचा प्रवाह कापतो. इंटरचेंजची रचना म्हणजे हे छेद उंचीत विरवून टाकून मागे केवळ संगम ठेवणे.

तिठ्याला त्यासाठी एक पूल आणि एक वेटोळे पुरते. तुतारीसारख्या आकारामुळे या रचनेला ट्रम्पेट म्हणतात. उजवीकडे वळणाऱ्या दोन प्रवाहांपैकी एक पुलाच्या आधाराने सरळसा निघतो, दुसऱ्याला डावीकडे वळत वळत पाऊण प्रदक्षिणा घालावी लागते (देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेची, हे लक्षात असू द्यावे). वेटोळ्यात वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास उतरतो, म्हणून ते कमी वाहनांच्या वाट्याला द्यावे असा संकेत आहे; माझ्या मते अभियंत्याच्या विवेकाची खरी परीक्षा इथेच आहे, कारण वर्षभर क्षीण असलेला प्रवाह सुट्टीच्या दिवसांत महापूर होऊ शकतो.

परंतु छेद गेला म्हणजे संगम आपोआप साधला असे नव्हे. येणाऱ्या वाहनाने मुख्य प्रवाहाच्या कडेने काही अंतर धावून त्याचा वेग अंगी बाणवावा आणि मगच तिरके होऊन त्यात शिरावे, यासाठी वेगवर्धक मार्गिका लागते. चार वेटोळ्यांच्या क्लोव्हरलीफमध्ये एका वेटोळ्यातून आत येणारे आणि पुढच्यात बाहेर पडणारे थोडक्या अंतरात एकमेकांच्या वाटा ओलांडतात, म्हणजे पुलावर मिटवलेला छेद खाली गुपचूप परत येतो. लॉस एंजेलिसला 1953 मध्ये खुल्या झालेल्या चौमजली इंटरचेंजने वेटोळी टाळली, पण किंमत उंचीत मोजली. उंची महागच असते: महामार्गावर 5.5 मीटर मोकळी जागा ठेवून त्यावर तुळया-स्लॅबची जाडी धरली की सुमारे 7 मीटर चढावे लागते, आणि तीसास एक चढाने त्याला 200 मीटरहून अधिक लांबीचा, भरावावरून जाणारा रस्ता लागतो.

हा लांबच लांब भराव पुराच्या पाण्याला आडवा येऊ शकतो, आणि इथे आपण पुन्हा सावित्रीपाशी येतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ तिच्या पुरात ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, आणि जुलै 2021 मध्ये महाड शहरच पाण्याखाली गेले. अन्यत्र अभियंता वाहनांचे प्रवाह मोजून मजले ठरवतो. या खोऱ्यात त्याच्या हिशेबात आणखी एक प्रवाह असतो, ज्याला वेटोळ्यात पाठवता येत नाही आणि थांबवताही येत नाही. म्हणून इथल्या रचनेत सर्वांत खालचा मजला पाण्याच्या नावे राखून, भराव जिथे आडवा येईल तिथे तो तोडून खांबांवर रस्ता घ्यावा लागतो, मग त्याचा खर्च कितीही वाढो.