सोबत होतो, एवढंच!

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, जयंतीच्या सप्ताहात आपण गुरुचरित्राचं पारायण करतो. त्यातला दहावा अध्याय यंदा जरा सावकाश वाचा.

वल्लभेश नावाचा ब्राह्मण नवस फेडायला कुरवपूरला निघाला. जवळ पैसा होता. चोर सोबती बनून वाटेत मिसळले आणि त्यांनी त्याचं शिर कापलं. श्रीपादश्रीवल्लभ त्रिशूळ घेऊन प्रगटले, चोरांना मारलं. एक जण मात्र शरण आला. यांच्या मनातलं मला ठाऊक नव्हतं, मी फक्त सोबत होतो, म्हणाला. महाराजांनी त्याला सोडलं. पण तसंच घरी जाऊ दिलं नाही. त्याच्याच हाती भस्म देऊन शिर धडाला लावायला सांगितलं आणि ब्राह्मण उठला.

आता सांगा, ज्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी जो सोबत राहिला, त्याचं काय?

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न टाळता येत नाही. २९ सप्टेंबर २००६, नवरात्र चालू होतं. मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलं जमावानं ठार मारली, प्रेतं कालव्यात टाकली. शेतातल्या रस्त्याचा वाद होता, पोलिसांत दिलेली साक्ष होती, आणि सगळ्याच्या मुळाशी जात होती. कुटुंब बौद्ध. पंचशीलातलं पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. आपल्या योगशास्त्रातही यमांत पहिली अहिंसाच. मारणारा असो की मरणारा, दोघांच्याही धर्माची पहिली आज्ञा एकच!

२००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. वडील भय्यालाल एकटे मागे राहिले, २०१७ मध्ये वारले. कायद्याचा हिशोब आठ नावांवर संपला. पण संध्याकाळची वेळ, लहानसं गाव. आरडाओरडा कोणालाच ऐकू गेला नसेल का?

मी बँकेत नोकरी केली. कर्ज एक जण उचलतो, पण थकलं की नोटीस जामीनदारालाही जाते. तो म्हणतो, मी एक रुपया खाल्ला नाही. खरं असतं; पण सही असते ना! डोळ्यांसमोर अन्याय होताना गप्प राहणं ही तशीच सही आहे.

आपण अहिंसा ताटापुरती ठेवली. गुरुवारी घरात अंडं येत नाही, पण धुऱ्यावरून दोघं कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, तर "आपल्याला काय करायचं त्याच्यात?" म्हणून दार लावून घेतो. मग दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर म्हणतो, "त्यानंच ओढवून घेतलं." आज्ञा मोडायला सगळ्या गावानं हत्यार उचलावं लागत नाही, बाप्पा. एवढं पुरतं.

आपण म्हातारी माणसं, अंगात बळ नाही. पण गावात काकाजी, आजी म्हणून मान आहे. भांडण पेटायच्या आधी दोघांच्याही घरी जाऊन बसता येतं. पोलिसांना फोन करता येतो. आणि घडलंच, तर कोर्टात खरी साक्ष देता येते. त्या शरण आलेल्या माणसाला महाराजांनी जोडायचं काम दिलं होतं. पारायण करणाऱ्यांनाही तेच काम आहे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!