खांदशेकणी

आंजी (मोठी) परिसरात पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात. दुसऱ्या दिवशी त्यावर जू ठेवीत नाहीत. ओझे वाहणाऱ्यास विश्रांतीचा हक्क आहे, हे आमच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही. त्याच दिवशी तोरणाजवळ पोलीस शिपाई मात्र बंदोबस्तास उभा असतो. त्याचा खांदा कोणी शेकावा?

पाश्चात्त्य देशांत काही ठिकाणी मनाने खचलेल्या पोलिसांना घोड्यांच्या सहवासात नेतात. घोडा मोठा सावध प्राणी. जवळच्या माणसाच्या अंगातील ताण तो चटकन ओळखतो व बिथरतो. त्याला शांत करावयाचे तर आधी स्वतःचा श्वास संथ करावा लागतो. तेथे हुद्दा चालत नाही. (मुंबईत १९३२ साली बंद झालेले अश्वदल पुन्हा उभारण्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, ते गर्दी आवरण्यासाठी!)

तथापि आम्हांस हा उपाय दुय्यम वाटतो. २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात एका शिपायाच्याच सूचनेवरून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. २०२१ साली नागपुरात महिला पोलिसांसाठी तसाच प्रयोग झाला. बारा तासांची पाळी कायम ठेवून थकलेल्यास समुपदेशकाकडे धाडणे म्हणजे जू न उतरविता तूप चोळणे होय. पाळीचे तास वरिष्ठांनी ठरवावेत. पण गावातील मिरवणूक रात्री किती वाजता आटोपावी, हे तर आपणच ठरवितो ना?