संकेत, साचा आणि जन्मसिद्ध दुष्टत्व

अद्भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील एल्फ, ड्वार्फ आणि ऑर्क यांच्या पुनरावृत्तीविषयी सामान्यतः जी तक्रार होते, ती कंटाळ्याची, म्हणजे सौंदर्यविषयक असते. तथापि या साच्यामागचा मूळ प्रश्न नैतिक आहे: एखादा वंश जन्मतःच दुष्ट असू शकतो काय?

टॉल्कीन यांना हा प्रश्न छळत होता. ऑर्कांना सरसकट उद्धारापलीकडचे मानणे त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नव्हते, हे त्यांच्या पत्रांवरून दिसते. १९७४ मधील ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने ऑर्क स्वीकारला, ही अस्वस्थता मात्र स्वीकारली नाही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक जीवाच्या नोंदीतच त्याची नीती छापली गेली. तेथे ऑर्क दुष्ट ठरला आणि वाघाचे मस्तक लावलेला भारतीय राक्षसही. ज्या परंपरेतून हा राक्षस उचलला गेला, तिच्यात मात्र राक्षसकुळातच बिभीषण जन्मतो आणि कुळाविरुद्ध निर्णय घेतो. तेव्हा संकेत रूढ असणे हा दोष नव्हे. महाकाव्येही संकेतांवरच उभी असतात. संकेतात व्यक्तीच्या निवडीला जागा उरली नाही की त्याचा साचा होतो.

२००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ने ऑर्कांना थ्रॉलसारखा विवेकी नायक दिला. २०२४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या खेळाडू-पुस्तिकेने ‘वंश’ या शब्दाऐवजी ‘प्रजाती’ हा शब्द योजला. परंतु केवळ नामांतराने प्रश्न मिटत नाही. समोरचा वेगळे वागू शकेल ही शक्यताच खेळाच्या रचनेत नसेल, तर त्याला ठार करण्यातील शौर्याला नैतिक अर्थ उरत नाही.